गावपळणीत आलेले साहेब

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

विक्रोळी, कन्नमवार नगर
रविवार, ८ डिसेंबर २०२४

ती. सोनूबाय हिस,
धाकटी बहीण आणि धाकटी जाऊ, दोन्ही नात्यांनी मालनचा सा. न. वि. वि.

तर आधी आला तो कोंबडा. बेल वाजली नाही, काही नाही, दारावर नुसती टोचटोच. उघडते तर माणूस कुणी नाही, पायपुसण्यावर तुझा तो मोठ्या तुऱ्याचा कोंबडा, आपलंच घर असल्यासारखा आत बघतोय. मग खालच्या जिन्यावरून तुझा दादू धापा टाकत, आणि त्याच्यामागून वनमाला, दोन कोंबड्यांची टोपली काखेला लावून. हायवेला बसमधून उतरल्यावर पिशवी फाटली आणि हा सुटला, तेव्हापासून त्याच्यामागे धावतोय, असं दादू म्हणाला. चौथा मजला, आमचंच दार, कसं बरोबर सापडलं गो त्याला? तुझा मुलगा दर खेपेला शेजारच्या विंगमध्ये जातो.

मानसीने डोळे मोठे केले. सून गुणाची आहे माझी, पण कोंबडा बाथरूममध्ये ठेवणार म्हटल्यावर कुणाचेही होतील. मी तिला म्हटलं, तीन दिवसांचा प्रश्न आहे, तीन दिवसांत तुझी बाथरूम कुठे जात नाही.

मग सेक्रेटरी वर आले. सोसायटीचा नियम आहे म्हणाले. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि पहिल्यापासून सांगितलं. आमच्या कोंडसुलीत दर तीन वर्षांनी गावपळण असते. तीन दिवस, तीन रात्री सगळं गाव शिवेबाहेर. माणूस राहायचं नाही, गुरं नाहीत, कुत्रं नाही, मांजर नाही, चुलीत निखारा नाही. तेवढे दिवस गाव देवाचं. मग देवाला कौल लावायचा, देव हो म्हणाला की आपापल्या घरी परत. लोक ओढ्यापलीकडे खोपी बांधून राहतात, आमची बहीणही तिथेच आहे, पण हा कोंबडा दुसऱ्या कोंबड्यांना बघून घेतो म्हणून त्याला मुंबई दाखवायला आणलाय. सेक्रेटरी म्हणाले, देवाने कोंबड्याला तरी सूट द्यायची. मी म्हटलं, तुम्ही सोसायटीत देता का कुणाला? चहा संपवून गेले बिचारे.

समोरच्या शांताबाईकडे पण घर भरलेलं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जायला परभणीहून तिची माणसं आलेली. इकडे आमचे पाहुणे, तिकडे तिचे, मधल्या पॅसेजमध्ये चपलाच चपला. तिने पिठलं-भाकरी पाठवली, मी घावणे पाठवले. तिच्या आतेने कोंबड्याला ज्वारी घातली. त्याने आधी संशय घेतला आणि मग सगळी संपवली. अपूर्वाचं तर विचारू नकोस. शाळेत सगळ्यांना सांगून आली की आमच्याकडे कोंबडा रजेवर आलाय. तिसरीतली पोर, पण बोलते कशी! मला म्हणाली, आजी, आपली गावपळण कधी? मी म्हटलं, ही बिल्डिंग पाडतील तेव्हा. ती तीन वर्षांची असेल, आणि परत यायचा कौल बिल्डर लावणार.

दादू म्हणतो, धरणाची भिंत आता दोन्ही डोंगरांकडून पुढे आलीय, मधली नदीची घळ तेवढी उरलीय. ती घळ भरून भिंत जोडली की पाणी गावावर चढणार. पण गावाला हलवायचं त्या नव्या वसाहतीत नळाचं पाणी आल्याशिवाय घळ भरायची नाही असं धरणाच्या साहेबांनी कबूल केलंय, हे ऐकून जिवाला बरं वाटलं. लग्न होऊन आले तेव्हापासून धरण येणार, धरण येणार ऐकतेय. ऐकता ऐकता केस पिकले आणि हे पण गेले.

पत्र वनमालाच्याच पिशवीत देते, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझा घसा बसतो. वनमाला, तूच वाचून दाखवणार आहेस, तेव्हा हेही वाच: तू इथे येऊन सारखी भांडी घासत बसलीस ते मला आवडलं नाही. पुढच्या वेळी नुसती बस.

देवाने चांगला कौल द्यावा. माया आहे तेवढी असू दे, जास्त मागत नाही.

तुझी
मालन


कोंडसुली
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

चि. मालन हिस,
सोनूबायचे भरपूर आशीर्वाद. लिहिणार वनमाला, सांगणार मी.

कोंबडा पोचला. मुंबईहून आल्यापासून भलत्याच वेळी आरवतो. तुझ्याकडे दिवे रात्रभर चालू असतात का?

देवाने उजवा कौल दिला. देवाला चिकटवलेली फुलाची पाकळी पटकन उजवीकडे पडली, गावकार दादांचं गाऱ्हाणं संपायच्या आधी. आम्ही गुरं पुढे घातली आणि हसत घरी आलो. येऊन बघते तर माझ्या दारावर तांबड्या रंगाची फुली. तुझ्या दारावर पण. सगळ्या गावात, दर दारावर.

आपण गावपळणीला कुलूप लावत नाही, तुला माहीत आहे. दार नुसतं ओढून घ्यायचं. आत गेले तर शेणाने सारवलेल्या माजघरात बुटांचे ठसे. चुलीपर्यंत गेलेले आणि परत फिरलेले. त्या तीन दिवसांत आपण स्वतःच्या घरात पाऊल टाकत नाही गो, आणि हे बूट घालून फिरले. मी ते ठसे लगेच सारवले नाहीत. एक दिवस तसेच ठेवले. का ठेवले ते मलाच ठाऊक नाही.

वायरमनने सांगितलं तेव्हा कळलं. धरणाचे साहेब गेल्या शनिवारी, आम्ही शिवेबाहेर असताना, आले होते, बरोबर कॅमेरावाला. गाव बघितलं, कुणी नाही. म्हणून लिहून नेलं की कोंडसुलीच्या लोकांनी आपणहून गाव सोडलं. दुसऱ्या दिवशी विजेचे मीटर काढून नेले. नदीवरच्या साकवाच्या फळ्यासुद्धा काढल्या, कारण रिकाम्या गावाला साकव कशाला. आता आम्ही गुडघाभर पाण्यातून येतो-जातो.

दादू आणि गावकार तालुक्याला गेले. साहेबांनी फोटो दाखवले. खळ्यात पानं पडलेली, गोठे मोकळे, एक कुत्रं नाही. साहेब म्हणाले, तुम्ही राहत होता तर कुत्रं कुठे होतं? दादूने गावपळण सांगितली. साहेब घाटावरचे, त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. हसले. म्हणाले, देवाचा दाखला आणा. दादू सांगताना रडवेला झाला होता. (मावशी, हे लिहू नको असं ते म्हणाले होते. सासूबाई म्हणाल्या लिही. — वनमाला)

आता त्यांचं म्हणणं असं की गाव रिकामं आहे, तर थांबायचं कशाला, येत्या मे महिन्यातच घळ भरून टाकू. नव्या वसाहतीत अजून नळ नाही. कातळावर आखलेली घरं, खाली टँकरची वाट बघायची. आम्ही जाणार नाही असं कोण म्हणतंय? भिंत उभी राहिली, कळतं आम्हाला. पाणी द्या आणि मग न्या, एवढंच. सगळ्या नदीचं पाणी अडवून ठेवलं आणि आम्हाला बादलीभर द्यायला यांच्याकडे नाही.

दमले गो मालन. शिवेबाहेर मी किती वेळा गेले आणि आले. जाताना केरसुणी दारामागे उभी करून जायची आणि आल्यावर तीच हातात घ्यायची. परत न येण्यासाठी कसं निघायचं असतं, ते आम्हाला कुणी शिकवलंच नाही.

साहेबांनी शेवटी फेरपाहणी कबूल केली. मंगळवार, चौदा जानेवारी. ज्या घरात चूल पेटलेली आणि घरचं माणूस बसलेलं दिसेल, ते घर राहतं. बाकी रिकामं. निम्मं गाव मुंबईत आहे, त्यांची घरं बंद. निम्मं गाव रिकामं निघालं तर अख्खं रिकामं धरणार.

तुझ्या दारावरची फुली मी पुसलेली नाही. दोन दारं असली तरी आपलं छप्पर एक आणि घर नंबर एक, एवढं सांगून ठेवते. बाकी तुझे गुडघे कसे आहेत?

लहानांच्या तोंडात माझ्याकडून साखर घाल.

सोनूबाय


विक्रोळी
रविवार, २२ डिसेंबर २०२४

ती. सोनूबाय हिस,
मालनचा वाकून नमस्कार. वाकता येत नाही, मनातून वाकले.

गुडघे वाईट आहेत. विचारायची तुझी रीत पण वाईट आहे. ये म्हणावं की सरळ!

तुझं पत्र मी शांताबाईला वाचून दाखवलं.  ती म्हणाली, पहाटे आपण नळाखाली बादली लावतो, ते पाणी पण कुणाच्या तरी गावावरूनच येत असेल. इतकी वर्षं मी पाणी भरते, पिंप भरलं की नळ बंद करते, आणि हे डोक्यात आलं नाही बघ. आता रोज येतं. पाणी तर भरावंच लागतं.

चौदा तारखेला गावी जाते म्हटलं तर सुबोध नको म्हणतो. धरण थांबणार आहे का, असं विचारतो. मी म्हटलं, थांबवायला नाही चालले, चूल पेटवायला चाललेय. तो म्हणतो, तिथे डॉक्टर नाही, वीज नाही, फोनला रेंज नाही, पुलाच्या फळ्या नाहीत, तू नदी ओलांडणार कशी? मी म्हटलं, तुला पोटात घेऊन ओलांडली होती. रागावून आतल्या खोलीत गेला. खरं तर घाबरलाय. बाप गेल्यापासून माझी शिंक पण त्याला मोठी वाटते.

मग मी मालाडला नानांकडे गेले. एकटी नाही, शांताबाई बरोबर. ह्यांच्या गिरणीतले नाना, आता आपल्या गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. त्यांना सांगितलं, सगळ्या चाकरमान्यांना चौदा तारखेला गावात उभे करा. नाना म्हणाले, व्हॉट्सअॅपवर टाकतो. मी म्हटलं, चूल व्हॉट्सअॅपवर पेटत नाही. तेव्हा त्यांच्या बायकोला हसू फुटलं आणि नाना माझ्यावर उखडले. गणपतीला, शिमग्याला यांच्या गाड्याच्या गाड्या येतात, आणि आता मुलांच्या परीक्षा, ऑफिसचं ऑडिट, कुणाची साखर वाढलेली. मी पण काय वेगळी? सात वर्षं झाली तुझ्या भिंतीपलीकडच्या घरात मी पाऊल टाकलेलं नाही.

बाय, मी येते. किल्ली देवघरामागे खिळ्याला होती. तिला खोबरेल लावून ठेवलंय. त्या दाराला तू लाव.

जायचं नक्की केलंय हे सुबोधला अजून सांगितलं नाही. मानसीला कळलंय. तिने माझ्या गुडघ्याचा पट्टा धुऊन वाळत घातला.

तुझ्या मायेची ऊब आहेच, आता धुरालाही जागा कर.

मालन


विक्रोळी
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

ती. आईंस,
मानसीचा सा. न.

दादूभावजींचा एका ओळीचा मेसेज आला की साहेब चौदा तारखेला आलेच नाहीत, संक्रांतीची स्थानिक सुट्टी होती, आता मंगळवारी एकवीसला येणार. सुट्टी त्यांना आधी माहीत नव्हती का? 

आई, मी रागावलेली नाही, दमलेय. ऑफिस, अपूर्वाची शाळा, आणि रोज हे विचारतात की आईने गोळी घेतली असेल का. जणू मला इथून दिसतं. नाना परत आले, त्यांनी सांगितलं की तुम्हाला नदी ओलांडायला दोघांनी खुर्चीवर उचललं आणि तुम्ही वर बसून हात हलवत होता. हे मी ह्यांना सांगितलेलं नाही.

एकवीसचं झालं की बावीसच्या रात्रीच्या बसने निघा. तिकीट काढून ठेवलंय, खिडकीची जागा आहे. तीस तारखेला गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय, ती मोठ्या मुश्किलीने मिळालीय. कानटोपी आणि गोळ्या हे पत्र आणणाऱ्या गावच्या माणसाबरोबर पाठवतेय. दुपारची गोळी जेवणानंतर.

अपूर्वा रोज विचारते, आजीला कौल मिळाला का. मी काय सांगू?

शांताकाकू तुमच्या तुळशीला पाणी घालतात. तुमची सावली असू दे आमच्यावर, आणि ती जवळ असू दे.

मानसी


कोंडसुली
बुधवार, २२ जानेवारी २०२५

चि. मानसीस,
आईचे आशीर्वाद. चि. सुबोध आणि चि. अपूर्वालाही, पण सुबोधला अर्धेच, रागावलाय तो.

गोळ्या घेते. दुपारची जेवणानंतर. कानटोपी सोनूबायने पळवली.

पहिल्यापासून सांगते, नानांनी अर्धवट सांगितलं असेल. संक्रांतीच्या सकाळी आमची मुंबईची बस नदीपलीकडे थांबली तेव्हा पहिले उतरले ते नानाच! बसमध्ये दिसेपर्यंत ते येतील असं मला वाटलं नव्हतं. चूल पेटवायला म्हणून विजेची शेगडी घेऊन आले होते. मीटर काढून नेलेत हे मी मालाडला दोनदा सांगितलं होतं. ती शेगडी डोक्यावर घेऊन नदी ओलांडली आणि आता त्यांच्या ओटीवर तिच्यावर मांजर झोपतं. त्यांच्यामागून एकेक करत बरीच घरं आली. सगळी नाहीत. पण त्या दिवशी गावावर असा धूर होता की दादूला खोकला लागला. मी माझं दार उघडलं, सात वर्षांचा कोंदट वास बाहेर आला, आणि सुबोधच्या पाटीवरचा खडूचा तुकडा कोनाड्यात तसाच. तो मी कमरेला लावून ठेवलाय. पहिला विस्तव पेटेना. सोनूबायने तिच्या चुलीतला निखारा पळीतून आणला आणि माझ्या चुलीत टाकला. मग दोघी धुराने डोळे पुसत बसलो, धुरानेच.

वनमालाने दारावरची तांबडी फुली पुसली नाही. तिच्याखाली उंबऱ्याला हळदीकुंकू लावलं आणि म्हणाली, वर त्यांचं, खाली आपलं.

साहेब आले नाहीत. वाट बघून बघून तिळाचे लाडू संपले. माणसांच्या रजा संपल्या, एकेक घर परत बंद झालं. गावकार दादांनी देवाला विचारलं की काय करायचं, नव्या जागेत तुझं आसन न्यायचं का. पाकळी उजवीकडे पडली नाही, डावीकडे पडली नाही. गावकार उभेच. शेवटी सोनूबाय म्हणाली, राहू दे रे त्याला, तो पण दमला असेल.

काल एकवीस. काल साहेब आले बरं का! जीप नदीपलीकडे थांबली, साहेब उतरले, साकवाकडे बघितलं. फळ्या नाहीत. त्यांनीच काढून नेलेल्या. दुरुस्तीला मंजुरी नाही, कारण कागदावर गाव रिकामं. पाणी गुडघाभर. दादू पलीकडे जाऊन म्हणाला, साहेब, पाठीवर बसा, नेतो. साहेब बुटांकडे बघायला लागले. तेव्हा सोनूबाय, जिला काही ऐकू येत नाही ती, नदीच्या काठाला गेली आणि असा आवाज काढला की डोंगरावरून परत आला. म्हणाली, त्या दिवशी बूट घालून माझ्या चुलीपर्यंत आलात, आज बूट भिजतात होय? तो साहेब कॅमेरावाल्याच्या मागे सरकला गो. तरुण पोरगा आहे, सुबोधपेक्षा लहान. मला त्याची दया पण आली. त्याला कुणीतरी पाठवलेलं, त्याला पण कुणी सांगितलं नव्हतं की असंही गाव असतं जे उठून जातं आणि परत येतं.

त्याने पलीकडून धुराचे फोटो काढले. सोनूबायच्या छपरातून धूर, माझ्या छपरातून धूर. मग दादूला म्हणाला, धुरावर भागत नाही, माणूस घरात बसलेलं बघावं लागतं. फळ्या टाकून घेतो आणि परत येतो.

आता तू विचारशील मी कधी येते. मानसी, चाकरमान्यांच्या घरांत आता आम्ही दोन-चार जणच उरलोय. नाना गेले, शेगडी ठेवून. मी उठले तर माझ्या दाराला कुलूप आणि घराच्या नंबरापुढे परत रिकामं. मग सोनूबाय घरात बसून काय उपयोग? ती थांब म्हणत नाही. ती फक्त रोज संध्याकाळी माझ्याकडचं सरपण बघून जाते, किती उरलंय ते.

आणि खरं सांगू, बरं वाटतंय मला इथे. आमच्या दोघींच्या मध्ये एक भिंत. ती झोपताना भिंतीला तळवा लावून ठेवते, मी इकडून ठोकलं की तिला हाताला कळतं. ठोकलं की ती पण ठोकते. तेवढं झालं की झोप येते. लहानपणी एका गोधडीत भांडायचो, आता भिंतीतून भांडतो.

अपूर्वाला सांग, कोंबडा बरा आहे आणि तिच्यासारखाच सकाळी उठत नाही. कौलाचं विचारते तर सांग, देव अजून विचार करतोय, आजीचा झाला.

डॉक्टरांना पुढची वेळ माग. त्यांना म्हणावं, बाई चुलीपुढे मांडी घालून बसायला शिकतेय. बसचं तिकीट रद्द कर, खिडकीच्या जागेचं वाईट वाटलं. सुबोधला म्हणावं, रागाव, पण फोन दादूच्या नंबरावर कर, तो सकाळी डोंगरावर चढतो तेव्हा लागतो.

तुम्हा सगळ्यांवर जीव आहे, तो तिकडेच ठेवून आलेय, सांभाळा.

आई

ता. क. साहेब शुक्रवारी, एकतीस तारखेला येतो असं नदीपलीकडून सांगून गेलेत. सरपण तोवर पुरेल.